कॉफीच्या रकान्यातलं गोड

रुबाला मागणी घालायला मुलाकडची मंडळी तीन आठवड्यांनी गुरुवारी दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर येणार असं ठरलं, तेव्हा हिकमतने शफीककाकांना फोन करून विचारलं, की त्या दिवशी आपलं काम काय. शफीककाका म्हणजे घराण्याची वाणी. इर्बिद शहरात घराण्यातल्या कुठल्याही मुलीला मागणी आली, की मुलीच्या बाजूने उत्तर द्यायचं ते त्यांनीच. गेली चाळीस वर्षं ते एकच भाषण करत आले होते, मुलीचं नाव तेवढं चिठ्ठीवर लिहून घेत. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही.

"तुझं काम?" ते म्हणाले. "तू बाप आहेस ना? मग डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसायचं. चेहरा हसरा ठेव. फार हसरा नको, मुलगी खपवायची घाई झालीय असं दिसतं."

"आणि बोलायचं काय?"

"बाप कधी बोलतो का रे?" काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता हिकमतला ही रीत माहीत नव्हती असं नाही. इतरांच्या मुलींच्या मागणीला तो आजवर शंभरदा गेला असेल, आणि तिथे गप्प बसलेला बाप पाहून, काय भारदस्त माणूस आहे, असं मनातल्या मनात म्हणालाही असेल. स्वतःवर पाळी आल्यावर मात्र तो भारदस्तपणा नेमका कुठे असतो ते त्याला सापडेना. रुबाला सायकल शिकवली त्याने. तिच्या गणिताच्या पेपरला शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात तीन तास उभा राहिला तो. आणि तिला द्यायची की नाही हे सांगणार शफीककाका, चिठ्ठी बघून. मुलगा लैस चांगला होता, पूल बांधणाऱ्या खात्यात इंजिनीअर होता, आणि रुबाने चार महिन्यांपूर्वीच हो म्हटलं होतं. गुरुवारची बैठक म्हणजे ठरलेल्या गोष्टीवर नुसता शिक्का. पण हिकमतची एकतीस वर्षं जमीन नोंदणीच्या कचेरीत गेली होती. शिक्का मारण्याआधी संबंधित माणसाची सही घ्यावी लागते, एवढं त्याला कळत होतं, आणि इथे त्याला कुणी संबंधितच मानत नव्हतं.

तेव्हा त्याने ठरवलं, की आपल्याला तोंड उघडायचं नाही ना, मग पाहुण्यांच्या तोंडात तरी आपलं काहीतरी गेलं पाहिजे.

आपलं म्हणजे कॉफीची मुहल्लबिया. दुधात कॉर्नफ्लॉवर आणि साखर घालून ढवळत थिजवलेली साधी मुहल्लबिया कुणालाही येते. हिकमतने एका शुक्रवारी तीत सकाळची उरलेली कॉफी ओतून दिली होती. त्यामागे पाककलेतली काही प्रेरणा वगैरे नव्हती, त्याला किटली धुवायची होती. रुबाने दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली, "बाबा, माझ्या मागणीला हेच कर." मुली असं बोलून जातात. बाप मात्र असल्या वाक्यांची तारखेसकट नोंद ठेवतात.

चार वाट्या करणं वेगळं आणि सव्वाशे वाट्या करणं वेगळं. सव्वाशे वाट्यांना पुरेल एवढी उरलेली कॉफी जमवायची तर घरात महिनाभर पाहुणे यायला हवेत आणि त्यांना कॉफी आवडायला नको. म्हणून हिकमतने ताजी कॉफी उकळून थेट दुधात घातली. कॉफी आपल्याकडे गाळासकट उकळतात आणि गाळ खाली बसेपर्यंत धीर धरतात, ही गोष्ट तो जन्मभर पाळत आला होता, पण कॉर्नफ्लॉवर धीर धरत नाही. ते गाळाला खाली बसूच देईना, आहे तिथे पकडून थिजलं. पहिली वाटी खाताना अकाबाच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पालथं पडून दूध पीत असल्यासारखं वाटत होतं. बायकोने, म्हणजे थोरल्या राकानची आई म्हणून उम्म राकानने, एक चमचा खाल्ला.

"चव छान आहे हो," ती म्हणाली. "वर दातही घासून निघाले."

दुसऱ्या वेळी त्याने कॉफी गाळून घ्यायचं ठरवलं. गाळायला हाताशी एक पांढरं तलम कापड लागलं, आणि ते गाळण्यासाठी इतकं उत्तम निघालं, की हे आपल्याला आधी का सुचलं नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं. ते का सुचलं नव्हतं हे उम्म राकान आत आल्यावर कळलं. गुरुवारी घरी बायकांची बैठक होती, आणि तीत डोक्याला बांधायचा तिचा नवा रुमाल वाटीच्या तोंडावर ताणलेला होता, मधोमध तपकिरी. तिने रुमालाचं एक टोक उचलून पाहिलं. मग म्हणाली, "सरकारने तुम्हाला निवृत्त केलं, ते मी सोसलं. आता तुम्ही मला निवृत्त करायला स्वयंपाकघरात आलात का?" त्या दिवसापासून तिने ओट्यावर खडूने एक रेघ ओढली आणि रेघेच्या पलीकडच्या वस्तूंना हात लावायला हिकमतला बंदी झाली. गॅस रेघेवर होता. त्याचा निकाल लागता लागता दूध दोनदा उतू गेलं.

इमारतीच्या तळमजल्यावर औषधांचं दुकान असलेला नज़्मी हा शेजारी या सगळ्यात न पडता तर नवल. नज़्मीला कुणीही सल्ला विचारत नसे आणि तो कुणालाही सल्ल्याशिवाय सोडत नसे. त्याचं म्हणणं असं, की कॉफी हे औषध आहे आणि ते मापानेच द्यावं. त्याने हिकमतला एक मोठी सिरिंज दिली, सुईशिवाय. हिकमत दोन दिवस मुहल्लबियेत सिरिंजने कॉफी सोडत होता आणि वहीत आकडे लिहीत होता. तिसऱ्या दिवशी खरंच जमलं. रंग खजुरासारखा, वेलदोड्याचा वास, आणि आधी गोड लागून मग जिभेच्या मागच्या बाजूला हलकासा कडवटपणा. हिकमतने वाटी घेऊन धावत तळमजला गाठला.

नज़्मीने वाटी पुसून खाल्ली, आणि मग त्याचा चेहरा गंभीर झाला.

"अबू राकान, एक विचारू? मागणीसारख्या कामाला कॉफी कडू असते. बिनसाखरेची. तू साखरेची देणार. उद्या लोक म्हणतील, यांच्या पोरीत काहीतरी कडू आहे म्हणून यांनी वर साखर पेरली."

"अरे, ही कॉफी नाही. हे गोड आहे."

"मग त्यात कॉफी कशाला घातलीस?"

हिकमतने रिकामी वाटी उचलली. जिना चढताना त्याने तीन उत्तरं शोधली आणि तिन्ही त्याला स्वतःलाच पटली नाहीत.

खरी अडचण पुढेच होती. मागणीची बैठक घराण्याच्या मदाफ्यात व्हायची, आणि लग्नापासून मयतापर्यंत सगळं ज्या सभागृहात होतं त्या मदाफ्यात बाहेरून पाण्याचा पेला न्यायचा तरी अर्ज लागतो. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी घराण्यातल्या एकाने मुलीच्या मागणीला सात प्रकारचं गोड वाढलं. दुसऱ्याने ईर्ष्येने नऊ वाढले. तिसऱ्याची मुलगी त्या धसक्याने दोन वर्षं घरात राहिली. मग मदाफ्याच्या समितीने करार केला, सगळ्यांनी सह्या केल्या: मागणीला एक कॉफी आणि एक गोड, बस. गोड म्हणजे कुनाफा, पाकात भिजवलेली चीजची मिठाई, आणि तो मुलाकडचे आणणार. करार करणाऱ्यांत हिकमतही होता. त्या वेळी त्याने या विषयावर छोटंसं भाषणही केलं होतं.

मदाफ्याचा चिटणीस फलाह हा हिकमतपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि नियमांच्या बाबतीत शंभर वर्षांनी मोठा. त्याने नोंदवही उघडून हिकमतपुढे फिरवली आणि बोट ठेवलं.

"गोडाचा रकाना भरलाय, अबू राकान. कुनाफा."

"एक ओळ वाढवता येणार नाही का?"

"रकाना एकच आहे."

हिकमत नोंदवहीकडे बघत राहिला. एकतीस वर्षं त्याने कचेरीत काचेच्या आत बसून लोकांना रकाने दाखवले होते. म्हातारी माणसं, विधवा, तीनतीनदा आलेले शेतकरी, सगळ्यांना. काचेच्या बाहेरून रकाना एवढा लहान दिसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि त्याने उद्या या म्हटलं असेल.

फलाह अगदीच दगड नव्हता. त्याने डोकं खाजवलं आणि विचारलं, "यात कॉफी आहे ना?"

"आहे."

"मग कॉफीच्या रकान्यात लिहू. तो रिकामा आहे."

"अरे, पण कॉफी आधी असते. हे नंतर वाढायचंय, होकारानंतर फातिहाची प्रार्थना झाल्यावर, कुनाफ्याबरोबर."

"वाढा ना तेव्हा. वाढण्याचा रकाना वेगळा कुठे आहे? हा नोंदीचा आहे."

हिकमतला यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते हाती लागत नव्हतं. त्याने सही केली. सहीच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती त्याने वाचली नाही. खालची ओळ वाचा हो, असं तो लोकांना जन्मभर सांगत आला होता.

यानंतर समितीने नमुना मागवला. तिघा सदस्यांनी आठ वाट्या खाल्ल्या आणि निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला, कारण एका सदस्याला मत बनवायला आणखी एक वाटी लागणार होती. पुढच्या बैठकीला सदस्य पाच झाले. तिसऱ्या बैठकीला ज्यांचं सदस्यत्व चार वर्षांपूर्वी गेलं होतं तेही आले. अखेर बुधवारी सकाळी मंजुरीचा कागद मिळाला, त्यावर मुहल्लबियेचा एक डाग होता.

बुधवारीच दिवसभर सव्वाशे काचेच्या वाट्या भरून झाल्या आणि मग लक्षात आलं, की त्या थंड करायला घरातला फ्रीज म्हणजे दर्यात खसखस. निम्म्या वाट्या इमारतीतल्या तीन बिऱ्हाडांत गेल्या. उरलेल्या नज़्मीच्या दुकानातल्या औषधांच्या फ्रीजमध्ये. नज़्मी स्वभावाने काटेकोर, उघडी वस्तू औषधांशेजारी ठेवायला तो तयार नव्हता. त्याने प्रत्येक वाटीवर पातळ कागद ताणला आणि तो धरून ठेवायला दुकानातली चिकटपट्टी लावली, औषधांच्या बाटल्यांवर लावतात ती, छापील सूचनेची. गुरुवारी दुपारी वाट्या बाहेर आल्या तेव्हा काहींवर लिहिलं होतं 'हलवून घ्यावे', काहींवर 'रिकाम्या पोटी घ्यावे', आणि एकीवर 'डोळ्यांत घालण्यासाठी'. ही शेवटची पट्टी हिकमतने स्वतः काढली. बाकीच्या काढायला वेळ नव्हता.

मदाफ्यात तो पोहोचला तेव्हा अर्धे लोक बसले होते. पुतण्यांनी खोकी आत नेली. हिकमतने त्यांना तीनदा सांगितलं, की फातिहानंतर, कुनाफ्याबरोबर, आणि तो डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. शेजारी शफीककाका हातात चिठ्ठी घेऊन बसले होते. समोरच्या बाजूला मुलाकडची मंडळी आली, सलाम-दुवा झाली, आणि मधल्या खुर्चीवर त्यांचे प्रमुख अबू मुत्लक बसले. अबू मुत्लक हे सैन्यातून निवृत्त झालेले भारी गृहस्थ, अर्ध्या इर्बिदमध्ये मागण्या घालून आलेले. त्यांच्या शेजारी लैस बसला होता, कॉलर घट्ट झाल्यासारखा.

आता रीत अशी आहे, की प्रमुखापुढे कडू कॉफीचं छोटं फिंजान ठेवतात आणि तो ते पीत नाही. बाजूला ठेवतो. आम्ही काही मागायला आलोय, ते मिळाल्याशिवाय ओठांना लावणार नाही, असं सांगतो आणि मागणी घालतो. मुलीकडून होकार आला की तो होकार एकाच वाक्यात येतो: कॉफी प्या. तो घोट गेला की मुलगी दिली. कुठे अडलं, तर न प्यायलेलं फिंजान तसंच राहतं आणि मंडळी परत जातात, आणि मग त्या फिंजानाची गोष्ट गावात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते.

हिकमतने मदाफ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कॉफीचा निखारा, पितळी चोचीची किटली, ती ओतणारा मिशाळ म्हातारा, यांतलं काहीच तिथे नव्हतं. त्याला वाटलं, आत असतील.

तेवढ्यात फलाह आतून आला. त्याच्या हातात तबक होतं आणि मागे चार पुतणे, चार तबकं. त्याने नोंदवहीतली ओळ तंतोतंत पाळली होती. कॉफीच्या रकान्यात मुहल्लबिया. खालच्या बारीक ओळीत: कॉफी घरून येणार असल्याने मदाफ्याच्या कॉफीवाल्यास कळवून रद्द करावे. कळवलं होतं, रद्द केलं होतं. कॉफीची वेळ झाली, कॉफी आली.

हिकमत अर्धा उठला. काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. "बाप उठत नाही," ते पुटपुटले.

अबू मुत्लकांपुढे वाटी आली. त्यांनी ती उचलली, लांब धरून वाचली. 'रिकाम्या पोटी घ्यावे.' मधुमेहामुळे म्हणा किंवा सैन्यातल्या शिस्तीमुळे म्हणा, लेबलावर लिहिलेलं मोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कागद काढला, चमचा घेतला आणि वाटी शेवटपर्यंत संपवली. प्रमुखाने खाल्लं म्हटल्यावर बाकीच्यांनी खाल्लं. क्षणभर सव्वाशे चमच्यांचा आवाज झाला आणि कुणीतरी वा म्हणालं. हिकमतच्या छातीत तेवढ्या गोंधळातही काहीतरी सुखावलं, आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली.

अबू मुत्लक उभे राहिले. दोन घराण्यांच्या जुन्या स्नेहाबद्दल बोलले, पैगंबरांवर सलाम पाठवला, रुबाच्या आजोबांच्या दातृत्वाची एक गोष्ट सांगितली. आवाज चढत चढत ठरलेल्या जागी आला. "आणि आम्ही, हे मान्यवरहो, तुमची ही कॉफी..." त्यांनी फिंजान बाजूला सारायला हात खाली नेला. हाताला रिकामी वाटी लागली. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"कॉफी कुठे आहे?"

फलाह वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "झाली."

"कुठे झाली?"

"आपण खाल्लीत."

अबू मुत्लकांनी वाटी उचलून तिच्या तळाकडे पाहिलं.

पहिला बोलला तो मुलीकडचा एक म्हातारा. त्याचं म्हणणं, ज्याने मागण्याआधी कॉफी घेतली तो नुसता पाहुणा. पाहुण्याने आभार मानावेत आणि घरी जावं, त्याला मागायचा हक्क उरत नाही. मुलाकडचा एकजण म्हणाला, उलट आहे. कॉफी प्या म्हणजे होकार, आणि कॉफी तर पोटात गेली, म्हणजे होकार झाला, आता मागायचीही गरज नाही. यावर शफीककाकांना चिठ्ठी बाजूला ठेवावी लागली. होकार झाला म्हणता, तो कशाला झाला, असं त्यांनी विचारलं, तुम्ही अजून काही मागितलं कुठे? त्यावर मुलाकडचा एक वकील हसत म्हणाला, मग तर आम्हाला काहीही मागता येईल, तुमची जैतुनाची बागसुद्धा. त्याने ते थट्टेने म्हटलं होतं. मुलीकडच्या बाजूला कुणी हसलं नाही.

शफीककाका यात चाळीस वर्षं मुरलेले. त्यांनी चटकन वाट काढली. ही कॉफीच नव्हती, ते म्हणाले, हे गोड होतं. अबू मुत्लकांनी चमचा वाटीत ठेवला.

"गोड?" ते म्हणाले. "शफीक, गोड होकारानंतर वाढतात. आम्ही तोंड उघडायच्या आधी तुम्ही गोड वाढलंत? आम्ही मागण्याआधीच मुलगी देऊन मोकळे झालात? एवढी घाई होती?"

मुलीकडच्या रांगेतले चार-पाचजण उभे राहिले. लैसच्या चेहऱ्याचा रंग उतरला. काकांनी शब्द मागे घेतला, कॉफीच होती म्हणाले. मग मुलाकडून पुन्हा तेच, कॉफी होती तर होकार झाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हे असं तीनदा फिरलं, आणि प्रत्येक फेरीत आवाज वाढत होते. हिकमतला दिसत होतं, की आणखी एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ही माणसं उठून जातील, आणि घरी रुबा आपल्या मैत्रिणींच्या घोळक्यात फोनकडे बघत बसली आहे.

फलाहने वाद मिटवण्यासाठी नोंदवही आणली. "नोंदीत कॉफी आहे," तो म्हणाला. "खाली सही आहे."

"कुणाची?"

सव्वाशे माथी डावीकडून तिसऱ्या खुर्चीकडे वळली.

"हिकमत," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच विनवणीचा होता, "ऊठ बाबा. तूच केलंयस. सांग यांना, हे काय आहे?"

हिकमत उठला. इतके दिवस ज्या क्षणाची त्याने मनातल्या मनात तयारी केली होती तो असा येईल हे त्याला वाटलं नव्हतं. गोड म्हणावं तर आपण मुलगी घाईने टाकली. कॉफी म्हणावं तर ती विचारण्याआधीच गेली. त्याने दोन्ही शब्द जिभेवर आणून पाहिले आणि दोन्ही गिळले.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. तीन आठवडे सगळे मला हेच विचारताहेत. मला एवढंच माहीत आहे, की इथे मला बोलायचं नव्हतं. माझ्या मुलीला मागायला तुम्ही येणार आणि मी तिचा कोण हे कुणाला कळणारही नव्हतं. वाटलं, निदान तिचं नाव निघेल तेव्हा तुमच्या जिभेवर माझ्या हातचं काही असावं. चूक झाली. मुलीवर राग धरू नका."

अबू मुत्लक वाटीकडे पाहत होते. मग ते पुन्हा उभे राहिले, पण मघाचा तो चढा आवाज त्यांनी लावला नाही. ते मधलं अंतर चालून आले आणि हिकमतच्या समोर उभे राहिले.

"मग मी यांच्याकडे मागतच नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडेच मागतो, अबू राकान. तुमची रुबा आमच्या लैसला द्याल का?"

ना आजोबांची गोष्ट, ना घराण्यांचा स्नेह. आठ-दहा शब्द. हिकमतला हवं होतं ते हेच, कुणीतरी त्याला विचारावं. त्याच्याजवळ उत्तर तयार होतं. आरशासमोर उभं राहून त्याने ते सात-आठदा म्हटलं होतं, सुरुवात, मध्य आणि शेवट असलेलं, शफीककाकांच्या भाषणापेक्षा कितीतरी चांगलं. त्याने तोंड उघडलं.

शब्द आला नाही. दिली, एवढाच तर शब्द होता. हो म्हणायला त्याची काहीच हरकत नव्हती. मुलगा चांगला होता, मुलीची पसंती होती. पण स्वतःच्या तोंडाने ते म्हणायचं म्हणजे सायकलची मागची सीट धरलेला हात स्वतःहून सोडायचा, आणि तो हात त्याच्याने सुटेना. बापाला गप्प बसवायची रीत कुणी काढली असेल आणि का, हे त्याला त्या खुर्चीपुढे उभं राहून कळलं. ज्याने काढली त्यालाही एक मुलगी असणार.

तो वळला आणि त्याने काकांचा हात धरला.

"काका," तो म्हणाला, "तुम्हीच बोला."

शफीककाकांनी चिठ्ठी काढली नाही, भाषणही केलं नाही. ते उठले, हिकमतचा हात तसाच हातात ठेवून अबू मुत्लकांकडे पाहिलं.

"रुबा दिली," ते म्हणाले. "कॉफी प्या."

अबू मुत्लक आपल्या जागी परत गेले, बसले, आणि रिकामी वाटी त्यांनी उचलली. चमच्याने तळ खरवडला, कडा खरवडल्या. सगळं मिळून अर्धा चमचा निघालं असेल. ते त्यांनी सगळ्यांना दिसेल असं तोंडात घातलं आणि वाटी खाली ठेवली.

मग फातिहा झाला. सव्वाशे जणांनी तळहात वर केले, आणि संपल्यावर रीतीप्रमाणे चेहऱ्यावरून फिरवून खाली घेतले. हिकमतने मात्र आपले हात चेहऱ्यावर बराच वेळ ठेवले, आणि त्याला कुणी घाई केली नाही.